पक्ष मोठा की न्याय?

निवडणुकीच्या दिवसांत एका संध्याकाळी नंदुरबार जिल्ह्यातील कळसाडी ह्या गावी आम्ही एका घराच्या ओटीवर बसलो होतो. बोलता बोलता एका वृद्ध शेतकऱ्याने आम्हांला एक प्रश्न घातला. तो म्हणाला, "गुरुजी, तुम्ही वाचन केलेली माणसे. एवढे सांगा. समोरच्या पॅनेलच्या माणसाने गैर केले, तर ग्रामसभेत उठून विचारायला मला काही वाटत नाही. पण आपल्याच पॅनेलच्या माणसाने तेच केले, तर उठावे की गप्प बसावे? उठलो तर आपली माणसे म्हणतील, हा फितूर झाला. बसलो तर रात्री झोप लागत नाही."

त्या वेळी आम्ही काही तरी उत्तर दिले. परंतु ते त्याला पुरले नाही आणि आमचेही समाधान झाले नाही. प्रश्न खेड्यातला असला तरी लहान नाही. मुंबईच्या विधानभवनात आणि दिल्लीच्या संसदेत जो प्रश्न सुशिक्षित पुढाऱ्यांना पडतो, किंवा पडावयास पाहिजे, तोच हा आहे. पक्षाची निष्ठा आधी, की नीतीचे तत्त्व आधी? आणि राजकीय पक्ष व्यवहारात कोणते आधी मानतात? प्रिय वाचकहो, ह्याचा थोडा शांतपणे विचार करणे अगत्याचे आहे.

प्रथम पक्षाची बाजू नीट मांडली पाहिजे. कारण पक्ष म्हटला की नाक मुरडणे सोपे असते, पण ते न्यायाचे नसते. एकट्या माणसाच्या हातून मोठे काम होत नाही. पाटाचे पाणी आणावयाचे, शाळा काढावयाची, कायदा बदलावयाचा, तर अनेकांना एकत्र यावे लागते. एकत्र आले म्हणजे प्रत्येकाने आपले थोडे मत बाजूस ठेवावे लागते. जो मनुष्य प्रत्येक लहान गोष्टीवर अडून बसतो, त्याच्यासह कोणतेही काम चालत नाही. शिवाय, मतदार एखाद्या उमेदवारास मत देतो तेव्हा बहुधा त्याच्या पक्षाचे वचन पाहून देतो. निवडून आल्यावर तो उमेदवार ते वचन टाकून पलीकडे जाऊन बसला, तर मतदाराची फसवणूक झाली. तेव्हा पक्षनिष्ठा हा वस्तुतः सद्गुण आहे. तिच्यात वचनपालन आहे, सहकाऱ्यांशी इमान आहे आणि स्वतःच्या अहंकाराला थोडा लगामही आहे.

मग दोष कोठे शिरतो? बाजाराचा दाखला घेऊ. नंदुरबारच्या बाजारात मिरची घेऊन जाणाऱ्या शेतकऱ्याला वजनकाट्याचे महत्त्व सांगावे लागत नाही. काटा एकच असेल, तर भाव कमी मिळाला तरी मनुष्य तो सोसतो. पण घेताना एक वजन आणि देताना दुसरे वजन वापरणारा व्यापारी त्याला सहन होत नाही. पक्षनिष्ठा अशी दोन वजने वापरू लागली, म्हणजे ती सद्गुण राहत नाही. समोरच्याने लाच घेतली तर तो भ्रष्टाचार आणि आपल्याने घेतली तर ते राजकीय कारस्थान. समोरच्याने पक्ष सोडला तर तो विश्वासघात आणि समोरचा सोडून आपल्याकडे आला तर ते मतपरिवर्तन! कृत्य तेच, पण करणारा कोणत्या बाजूचा हे पाहून त्याला नाव द्यावयाचे, हीच अनीतीची सुरुवात आहे.

आपल्या महाराष्ट्राच्या इतिहासात हा प्रश्न अनेक वेळा उभा राहिला आहे. सन १८९५ च्या डिसेंबरात काँग्रेसचे अधिवेशन पुण्यास भरले. त्या काळी काँग्रेसच्या मंडपातच, तिचे काम आटोपल्यावर, सामाजिक परिषद भरत असे. विधवांची दुःस्थिती, बालविवाह, स्त्रीशिक्षण अशा विषयांचा विचार त्या परिषदेत होई आणि न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे हे तिचे प्राण होते. परंतु पुण्यातील एका मोठ्या गटाचे म्हणणे असे पडले की, सामाजिक सुधारणेचा विषय काँग्रेसच्या मंडपात आला तर राजकीय कामात फूट पडेल. वाद विकोपास गेला. अखेर रानड्यांनी परिषद दुसऱ्या जागी भरविली. राजकीय एकी टिकली; परंतु ती टिकविण्यासाठी विधवेच्या अश्रूंनी मंडपाबाहेर जावे, असे ठरले. एकी ही फार चांगली वस्तू आहे. पण तिची किंमत कोण देतो, हे विचारावयास नको काय? बहुधा तिची किंमत तोच देतो, ज्याला मंडपात बोलावयास जागा नसते.

ह्याच काळात दुसराही एक दाखला घडला होता. बाळ गंगाधर टिळक आणि गोपाळ गणेश आगरकर हे जिवलग मित्र. कोल्हापूर प्रकरणी सन १८८२ मध्ये दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस एकत्र काढले. शाळा एकत्र काढली, पत्रे एकत्र चालविली. आगरकर हे 'केसरी'चे संपादक होते. परंतु सामाजिक सुधारणेच्या प्रश्नावर दोघांची मते जुळेनात, तेव्हा सन १८८७ मध्ये आगरकरांनी 'केसरी' सोडला आणि पुढल्या वर्षी 'सुधारक' पत्र काढले. ह्या सोडण्यात त्यांना काय मिळाले? लोकांचा रोष. सनातनी लोकांनी त्यांची प्रतिकात्मक प्रेतयात्रा त्यांच्या डोळ्यांदेखत काढल्याचे प्रसिद्धच आहे. प्रकृतीने ते दुबळे होते आणि सन १८९५ च्या जूनमध्ये, चाळिशी गाठण्यापूर्वीच, वारले. मित्र सोडणे हे पक्ष सोडण्याहून कठीण असते. तरी त्यांनी ते केले. कारण जे खरे वाटत होते ते त्यांना लिहावयाचे होते.

पुढे सन १९०७ चा डिसेंबर आला. जी तापी आपल्या प्रकाशाजवळून वाहते आणि पुढे सुरतेपाशी समुद्रास मिळते, तिच्याच काठी, सुरत शहरात, काँग्रेसचे अधिवेशन भरले. जहाल आणि मवाळ असे दोन तट पडलेले होते. अध्यक्षाच्या निवडीवरून गोंधळ झाला, व्यासपीठाच्या रोखाने जोडा भिरकावला गेला, तो सुरेंद्रनाथ बॅनर्जी व फिरोजशहा मेहता ह्यांना लागला, खुर्च्या उडाल्या आणि अधिवेशन मोडले. दोन्ही तटांत देशासाठी झिजणारी माणसे होती. तत्त्वाचा मतभेदही खराच होता. तरीही त्या दिवशी मंडपात जे घडले ते तत्त्वाने घडविले नाही, तटाच्या अभिमानाने घडविले. मात्र ह्याच कथेचा शेवट ध्यानात धरण्याजोगा आहे. सन १९१५ च्या फेब्रुवारीत मवाळांचे पुढारी गोपाळ कृष्ण गोखले वारले, तेव्हा आयुष्यभर त्यांच्याशी भांडलेले टिळक त्यांच्या अंत्ययात्रेस गेले आणि त्यांनी लोकांपुढे गोखल्यांची मनमोकळी स्तुती केली. दुसऱ्या वर्षी लखनौस दोन्ही तट पुन्हा एक झाले. विरोधकाचा चांगुलपणा कबूल करता येणे, ही पक्षाहून नीती मोठी मानणाऱ्याची एक खूण आहे.

आता असा दाखला घेऊ की ज्यात एकाच पक्षातील दोन थोर पुरुषांनी एकाच प्रश्नावर दोन मार्ग धरले. सन १९५५-५६ मध्ये मराठी भाषिकांचे एक राज्य व्हावे आणि मुंबई त्यात असावी, ही मागणी जोरात होती. सन १९५६ च्या जानेवारीत पंडित नेहरूंनी मुंबई केंद्राच्या ताब्यात राहील असे जाहीर केले. मुंबईत दंगे झाले, गोळीबार झाला, माणसे मेली. हे आंदोलन पुरे होईतो शंभराहून अधिक माणसे प्राणांस मुकली. त्या वेळी श्री. चिंतामणराव देशमुख हे देशाचे अर्थमंत्री होते. ते कुलाबा जिल्ह्यातून काँग्रेसच्या तिकिटावर निवडून आले होते. मुंबईचा निर्णय मंत्रिमंडळात रीतीप्रमाणे विचार न होता झाला आणि गोळीबाराची न्यायालयीन चौकशी होत नाही, ह्या दोन गोष्टी त्यांना पटेनात. सन १९५६ च्या जुलैत ते मंत्रिपदावरून दूर झाले आणि आपली कारणे त्यांनी लोकसभेत उघडपणे सांगितली. अर्थमंत्र्याची खुर्ची म्हणजे लहानसहान वस्तू नव्हे. ती त्यांनी कोणी हाकलले म्हणून सोडली नाही; दुसऱ्या पक्षाने मोठी खुर्ची देऊ केली म्हणूनही सोडली नाही.

दुसरे पुरुष श्री. यशवंतराव चव्हाण. मराठी राज्य त्यांनाही हवे होते. परंतु नेहरूंचे नेतृत्व आणि पक्षाची शिस्त मोडून ते मिळवावयाचे नाही, असे त्यांनी उघड सांगितले. ह्या बोलण्याबद्दल त्यांच्यावर शिव्यांचा वर्षाव झाला. नोव्हेंबर १९५६ मध्ये ते द्विभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री झाले. सन १९५७ च्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्र समितीने पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला धूळ चारली. स्वतः चव्हाण कराडास थोडक्या मतांनी वाचले. त्यानंतर त्यांनी पक्षाच्या आत राहूनच वरिष्ठांना समजावले की, हे द्विभाषिक राज्य लोकांच्या मनात उतरलेले नाही. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. त्या घडामोडीचा चटका आपल्या भागालाही बसला आहे. कारण त्याच कायद्याने त्या वेळच्या पश्चिम खानदेशातील नवापूर, नंदुरबार, तळोदा व अक्कलकुवा ह्या तालुक्यांतील काही गावे गुजरातेत गेली. सीमेपलीकडे आजही आपल्या लोकांचे सोयरेधायरे आहेत.

ह्या दोघांपैकी नीतिमान कोण? एकाने पद सोडले, एकाने धरले. घाईने निकाल देणारा म्हणेल की, सोडणारा तत्त्वनिष्ठ आणि राहणारा पदलोभी. आमचे मत तसे नाही. पक्षात राहून, वरिष्ठांचा रोष पत्करून, आतून खरे बोलत राहणे हेही नीतीचे काम होऊ शकते. दाविदाच्या राजवटीत नाथान संदेष्टा होता. राजाने पाप केले तेव्हा तो शत्रूच्या छावणीत गेला नाही. राजापुढेच उभा राहून त्याने राजाचा दोष त्याच्या पदरात घातला. परंतु आत राहणे नीतीचे केव्हा? तोंड उघडे असेल तेव्हा. जो आत राहतो आणि गप्प बसतो, तो निष्ठावंत नसून केवळ पगारी आहे. तसेच, बाहेर पडणे नीतीचे केव्हा? बाहेर पडण्यात काही तरी गमावले असेल तेव्हा. आणखी एक गोष्ट येथे नोंदली पाहिजे. चव्हाणांच्या आतल्या शब्दाला जे वजन आले, ते बाहेरच्या समितीने निवडणुकीत उभ्या केलेल्या लोकमतामुळे आले. आतून बोलणारा आणि बाहेरून बोलणारा हे दोघेही लागतात.

ह्या कसोटीवर अलीकडच्या गोष्टी लावून पाहा. सन १९६७ मध्ये हरियाणातील गयालाल नावाच्या आमदाराने पंधरा दिवसांत तीन वेळा पक्ष बदलला आणि 'आयाराम गयाराम' हा शब्द देशभर झाला. हे थांबावे म्हणून सन १९८५ मध्ये राज्यघटनेत ५२ वी दुरुस्ती होऊन दहावे परिशिष्ट जोडले गेले. पक्षाच्या आदेशाविरुद्ध, म्हणजे व्हिपविरुद्ध, मत देणाऱ्याचे सदस्यत्व जाऊ शकते, असे त्यात ठरले. मात्र एकतृतीयांश सदस्य फुटले तर ती फूट मान्य होती. सन २००३ च्या ९१ व्या दुरुस्तीने ती पळवाट काढून टाकली आणि दोनतृतीयांशांच्या विलीनीकरणाची तेवढी ठेवली. ह्या कायद्याचे फळ विचित्र आले. एकटा मनुष्य सदसद्विवेकबुद्धीला स्मरून पक्षाविरुद्ध मत देईल, तर तो घरी बसेल. आणि पुष्कळजण मिळून, ठरवून, पलीकडे जातील, तर त्यांचे निभावण्याचा संभव अधिक. सन १९९० मध्येच दिनेश गोस्वामी समितीने सुचविले होते की, सरकारच्या जीवनमरणाशी संबंधित अशा मतदानापुरतीच ही शिक्षा ठेवावी. ते झाले नाही. कायद्याने पायांत बेडी घातली, पण ती एकट्या प्रामाणिकाच्या पायांत अधिक घट्ट बसली.

आपल्या राज्याने ह्याचा अनुभव चांगलाच घेतला. सन २०१९ मध्ये भारतीय जनता पक्ष व शिवसेना ह्यांनी युती करून मते मागितली. निकालानंतर युती मोडली. २३ नोव्हेंबरच्या पहाटे, ज्यांच्याविरुद्ध प्रचारात कठोर आरोप केले होते अशा श्री. अजित पवारांना बरोबर घेऊन श्री. देवेंद्र फडणवीसांनी शपथ घेतली. ते सरकार चार दिवसही टिकले नाही. त्याच आठवड्यात श्री. उद्धव ठाकरे हे, ज्या पक्षांविरुद्ध शिवसेना लढली होती, त्यांच्याच पाठिंब्याने मुख्यमंत्री झाले. सन २०२२ च्या जूनमध्ये श्री. एकनाथ शिंदे आणि त्यांच्या बाजूचे आमदार प्रथम गेले ते सुरतेस. तापीकाठच्या त्या शहराचे नाव ११५ वर्षांनी पुन्हा एका फुटीशी जोडले गेले! राष्ट्रवादी काँग्रेसच्या सहवासात आमचे तत्त्व बुडाले, असे त्या आमदारांनी सांगितले. आणि वर्षभराने, २ जुलै २०२३ रोजी, त्याच राष्ट्रवादी काँग्रेसचा मोठा गट त्यांच्याच मंत्रिमंडळात येऊन बसला. ११ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने राज्यपालांनी बहुमत सिद्ध करावयास सांगणे योग्य नव्हते असे म्हटले, परंतु श्री. ठाकरे ह्यांनी मतदानाला सामोरे न जाता राजीनामा दिल्यामुळे त्यांचे सरकार परत आणता येत नाही, असेही म्हटले. अपात्रतेचा प्रश्न विधानसभेच्या अध्यक्षांकडे गेला आणि १० जानेवारी २०२४ च्या त्यांच्या निर्णयात दोन्ही बाजूंचा एकही आमदार अपात्र ठरला नाही.

आम्ही येथे कोणा एका पक्षाचा कैवार घेत नाही, की कोणा एकास दोषी ठरवीत नाही. सांगावयाचे एवढेच की, ह्या सर्व प्रकरणात प्रत्येक बाजूने 'निष्ठा' हाच शब्द वापरला आणि प्रत्येक बाजूने दुसऱ्यास 'गद्दार' म्हटले. निष्ठा कोणाशी? एकाने म्हटले नेत्याशी, दुसऱ्याने म्हटले संस्थापकाच्या विचाराशी, तिसऱ्याने म्हटले विकासाशी. ज्या मतदाराने उन्हात रांगेत उभे राहून मत दिले होते, त्याच्याशी निष्ठा, असे म्हणणारे थोडेच आढळले. मग मूळ प्रश्नाचे उत्तर द्यावयाचे तर असे द्यावे लागेल: पक्ष बहुधा पक्षनिष्ठेला तत्त्वाच्या पुढे ठेवतात, हे खरे; परंतु त्याहून दुःखाची गोष्ट अशी की, पुष्कळ वेळा ते सत्तेला पक्षनिष्ठेच्याही पुढे ठेवतात आणि मग तिलाच तत्त्व हे नाव देतात.

येथे कोणी विचारील, प्रत्येक जण आपल्या मनाप्रमाणे वागू लागला तर सरकार टिकेल कसे? गरिबाचे काम होईल कसे? हा आक्षेप बिनमोलाचा नाही. सरकारे वारंवार पडली तर पहिला तडाखा धान्यदुकानाच्या रांगेतल्या माणसालाच बसतो. म्हणून लहान मतभेदांत पक्षाबरोबर राहावे, हे आम्हांस मान्य आहे. रस्ता आधी ह्या पाड्याला की त्या पाड्याला, ह्यात बहुमत मानावे. पण जेथे कोणाचा हक्क बुडतो, कोणावर जुलूम होतो, खोटे खरे म्हणून सांगितले जाते, तेथे बहुमताने न्याय बदलत नाही. इंग्लंडातील रॉबर्ट पील ह्यांचा दाखला घ्या. धान्यावरील जकातीमुळे जमीनदारांचा लाभ होई आणि गरिबाची भाकर महाग पडे. पील हे जमीनदारांच्याच पक्षाचे पुढारी व पंतप्रधान होते. आयर्लंडात दुष्काळ पडला असता सन १८४६ मध्ये त्यांनी विरोधकांच्या मतांच्या साह्याने ती जकात रद्द करविली. पक्ष दुभंगला आणि त्यांचे पद गेले. सरकार पडले खरे, पण भाकर स्वस्त होण्याचा मार्ग मोकळा झाला.

दुसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे. कोणी म्हणेल, सदसद्विवेकबुद्धी हे पुष्कळदा अहंकाराचे दुसरे नाव असते. तिकीट नाकारले की मनुष्याला तत्त्व आठवते. हेही खरे आहे. म्हणूनच स्वतःस तीन प्रश्न विचारावे, असे आम्ही सुचवितो. पहिला: हेच कृत्य समोरच्या पक्षाने केले असते तर मी काय म्हटले असते? दुसरा: जे मी आता बाहेर ओरडून सांगत आहे, ते आत असताना, बोलणे महाग होते तेव्हा, मी बोललो होतो काय? तिसरा: ह्या माझ्या तत्त्वामुळे माझे काही गेले, की मला काही मिळाले? ज्याला तिन्ही प्रश्नांची उत्तरे न चाचरता देता येतील, तो राहो अथवा सोडो, त्याच्या मागे आम्ही निःशंकपणे उभे राहू.

आता आपण आपल्या घराकडे वळू. कारण पुढाऱ्यांना दोष देणे सोपे आहे. पक्ष असे का वागतात? आपण त्यांना तसे वागू देतो म्हणून. आपला उमेदवार कालपर्यंत ज्याला चोर म्हणत होता, त्याच्याच गळ्यात हार घालतो आणि आपण टाळ्या वाजवितो. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत पक्षांची चिन्हे नसतात. गावाचा कारभार तरी पक्षाच्या भांडणापासून दूर राहावा, हे किती चांगले! पण आपण काय केले? पॅनेल उभी केली आणि पक्षाहून कडवी भांडणे गावात आणली. निवडणूक एका दिवसाची, पण अबोला पाच वर्षांचा. एका पॅनेलचा मनुष्य दुसऱ्याच्या घरच्या लग्नाला जात नाही. क्वचित मौतीलाही जात नाही. मंडळ्यांतही हे शिरते. करिंथ येथील मंडळीत एक म्हणे मी पौलाचा, दुसरा म्हणे मी अपुल्लोसाचा, तिसरा म्हणे मी केफाचा. आणि ज्यांच्या नावांवरून तट पडले त्या पौलालाच ते दुःसह झाले. भजनाच्या वेळी दोन पॅनेलचे लोक दोन बाजूंस बसू लागले, तर आपण त्या करिंथकरांहून फारसे पुढे गेलो नाही.

आणि गप्प राहण्याची किंमत आपल्या भागाने पाहिलेली आहे. शहादा-तळोदा भागातील भूमिहीन भिल्लांच्या गेलेल्या जमिनी आणि तुटपुंजी मजुरी हा काही एका दिवसात उत्पन्न झालेला प्रश्न नव्हता. निवडणुका होत होत्या, पक्ष येत होते, मते मागत होते. तरी सन १९७१ च्या सुमारास ह्या प्रश्नाला तोंड फुटले ते अंबरसिंग महाराजांसारख्या पुढाऱ्यामुळे आणि पुढे उभ्या राहिलेल्या श्रमिक संघटनेमुळे, मोठ्या पक्षांच्या व्यासपीठावरून नव्हे. पक्षांत चांगली माणसे नव्हती असे नाही. पण ज्याच्याविरुद्ध बोलावयाचे तो आपल्याच पक्षाचा असला, म्हणजे चांगल्या माणसाचीही जीभ जड होते. ती जीभ जड होते तेवढा काळ कोणाच्या तरी शेतात दुसऱ्याचा नांगर चालत राहतो.

तेव्हा कळसाडीच्या त्या वृद्ध शेतकऱ्यास आमचे उत्तर असे आहे. बाबा, उठावे. पण उठण्यापूर्वी आपल्या माणसाच्या घरी जावे, एकट्याने जावे आणि त्याला सांगावे की हे गैर आहे, हे नीट कर. आधी त्याला संधी द्यावी. कारण तो आपला आहे आणि आपलेपणाचा अर्थ हाच आहे. त्याने ऐकले तर भाऊ परत मिळाला आणि गावाचेही भले झाले. न ऐकले तर आणखी दोघे जाणते बरोबर न्यावे. तरीही न ऐकले, तर ग्रामसभेत उठून, शिव्या न देता, खोटे न मिसळता, जेवढे ठाऊक आहे तेवढेच बोलावे. ऐकीव गोष्ट पुरावा म्हणून सांगू नये. आणि खाली बसल्यावर समोरच्या पॅनेलने हार आणले तर ते गळ्यात घेऊ नयेत. कारण उद्या त्यांच्यातला कोणी तसेच करील, तेव्हाही उठावयाचे आहे.

लोक फितूर म्हणतील. काही दिवस चहाला बोलावणार नाहीत. मुलाच्या सोयरिकीतही कोणी आडवे येईल. हे सर्व होण्याचा संभव आहे आणि ते होणारच नाही असे खोटे आश्वासन आम्ही देत नाही. परंतु गावात सर्वांना ठाऊक झालेला एक मनुष्य असा असतो की, तो बोलला तर कोणत्या बाजूने बोलला हे कोणी विचारीत नाही. खरे बोलला एवढेच समजतात. वाटणी करताना, बांधाचे भांडण मिटविताना, मरणाऱ्याची शेवटची इच्छा ऐकताना त्यालाच बोलावितात. त्या मनुष्याला पॅनेल नसते, पण सर्व गाव त्याचे असते. असा एक मनुष्य ज्या गावात आहे, त्या गावाला मोठा आधार आहे.

वाचकहो, पुढल्या निवडणुकीस आपणांपैकी प्रत्येक जण कोणत्या तरी बाजूस उभा राहील आणि त्यात काही वावगे नाही. बाजू अवश्य घ्यावी. प्रचार करावा, पत्रके वाटावी, मत द्यावे. मात्र हातातला काटा एकच ठेवावा. ज्या वजनाने शेजाऱ्याचे माप घ्यावयाचे, त्याच वजनाने आपल्या माणसाचे घ्यावे आणि सर्वांत आधी आपले स्वतःचे घ्यावे.